पिवळ्यावाचून

एमआयडीसीतला पहिला दिसायला नवरदेव.
काच लखलखीत, चाकांना प्लॅस्टिकसुद्धा तसंच.
पण आठ महिने बंद.
नरसप्पामामा त्याच्याकडे पाठ करून म्हणाले,
बंद मागाला गंज आतून चढतो.
चला.

दुसरा नवी पेठेत, जिन्याखाली,
चव्वेचाळीस इंची, चादर पांघरून.
रेवणसिद्ध कोनापुरेंनी चादर ओढली तेव्हा
रोलरवर कुणाच्या तरी लग्नाचा
बोटभर तुकडा चिकटलेला:
अर्धी मुंडावळ, एक कान.
"लोक आता मोबाइलातच लग्न बघतात," ते म्हणाले,
"पण हा रोज चालतोय. निदान एक तरी पान."
मामांनी पहिल्यांदा मान हलवली.

नोझलची पट्टी काढा, मी म्हणाले.
मशीन खाकरलं, दोनदा थुंकल्यासारखं केलं,
आणि कागदावर उतरल्या
आठ चौकोनांत केसासारख्या तिरप्या रेघा.
माझ्याकडे भिंग होतं.
मामांकडे एकेचाळीस वर्षं ताण्यावर वाकलेले डोळे.
काळा, भरलेला.
करडा, भरलेला.
फिका करडा: "दोन तारा गेल्यात. पाणी पाजा, येतील."
पिवळा: "हे घर सबंध रिकामं हाय की."

कोनापुरे खुर्चीत बसले.
हळदीचे फोटो, म्हणाले.
नवऱ्या आजारी दिसायला लागल्या.
एका मुलीच्या बापानं तर अल्बम काउंटरवर आपटला.

पेन ड्राइव्हमधली माझी एक चौकट छापून
मी ती रस्त्यावर नेली, दुपारी साडेबाराला.
ट्यूबलाइटखाली बरा वाटणारा करडा
उन्हात जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा झाला.
मी चेहरा लांब केला.
भाव पाडला.
तीस हजारांवर थांबले,
सव्वीसला बसला असता, आणि तेवढ्यात
माझ्याच्यानं राहवलं नाही, सांगून टाकलं:
मला पिवळा नकोच आहे.
निळा नको, गुलाबी नको.
सातही घरांत मी काळाच भरणार,
एकाच काळ्याच्या सात पायऱ्या,
कोळशापासून ताकावरच्या पाण्यापर्यंत.
कोनापुरे बराच वेळ बघत राहिले.
"मग लग्नं कशी करणार?"
नाही करणार.
"अवघड आहे," म्हणाले,
आणि शाईची टाकी, रिकामी, फुकट दिली.

साखर पेठेतलं आमचं दार अठ्ठावीस इंच.
पाय सोडवले, कुशीवर घातला,
टेम्पोवाल्याचा अंगठा आणि
चौकटीचा एक कोपरा सोलला.
दोन तारांपैकी एक तिसऱ्या दिवशी आली.
दुसरी येते, जाते, पाहुण्यासारखी.
मेमध्ये खोलीत बेचाळीस, हवा चुरचुरीत पापडासारखी;
शाई तोंडातच वाळते.
म्हणून दोरीवर चार टॉवेल,
इथलेच, जाड, फुलांच्या काठांचे,
दिवसातून तीनदा भिजवून.
येणारे विचारतात, घरात कुणाला ताप आहे का?

सातवा कागद मनासारखा निघाला.
दत्तनगरमधली शेड, नऊ वर्षांपूर्वीची,
खिडकीतून आलेली धूळ,
मागावर एक माणूस, तोंड पलीकडे.
काळा खोल होता. काळ्यातही
लाकूड वेगळं, लोखंड वेगळं.
मामांना बोलावलं.
काळा कसा वाटतो? विचारलं.
त्यांनी कागद खिडकीशी धरला.
"डावीकडून हातभर आत. तार तुटलीय.
आणि यानं माग थांबवला नाही. कोण हा?"

मला आठवेना.
भिंग आणलं. होती:
पांढऱ्या कापडात उभी, केसाहून बारीक फट.
नऊ वर्षं पडद्यावर कितीदा मोठी करून पाहिली ही चौकट,
कधी दिसली नव्हती.
मामा अजून तिथंच वाकलेले.
त्यांनी अंगठा आणि बोट जिभेला लावलं,
सांधायला पुढे नेलं,
मग कागद आहे हे लक्षात येऊन
लुंगीला पुसलं.